मास्कचा नियम उंबऱ्यावर उतरवताना

मास्कचा आदेश रात्री नऊ-साडेनऊला कुणाच्या तरी मोबाइलवर पीडीएफ होऊन येतो. सकाळी सहाला अभ्यासिकेचं कुलूप उघडणाऱ्या माणसाला मात्र त्यातलं नेमकं काय करायचं ते माहीत असावं लागतं. मधल्या साडेआठ तासांत जे होतं किंवा राहून जातं, त्यावर पुढचे कित्येक आठवडे दारात वाद होणार की नाही ते ठरतं. कोविडच्या साथीत, ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात नाशिकमधल्या एका तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत आम्ही व्यवस्थापनाच्या बाजूने हे काम केलं. आसनं साठ, त्यातली बराच काळ तीसच वापरात. मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षांची, सकाळी येऊन रात्री जाणारी. इथे लिहिलंय ते त्या कामातून हाती लागलेलं आहे. मंगल कार्यालय, क्लास, छोटं नाट्यगृह, सोसायटीचा हॉल किंवा दवाखान्याची प्रतीक्षाखोली चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

पहिला प्रश्न मास्कचा नसतोच. आदेश कुणाचा आणि तो आपल्या जागेला लागू आहे का, हे आधी बघावं लागतं. महाराष्ट्रात १३ मार्च २०२० पासून साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ लागू झाला आणि त्यासोबत आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ वापरला गेला. राज्याचा आदेश मुख्य सचिवांच्या सहीने निघायचा. त्यावरून जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्ह्याचा आदेश काढायचे, महापालिका आयुक्त शहरापुरता आणि पोलीस आयुक्त त्यांच्या हद्दीपुरता. नाशिकमध्ये ही गुंतागुंत जास्तच. शहर महापालिकेचं, देवळाली कॅम्प कॅन्टोन्मेंट बोर्डाचं, शहराला चिकटलेली गावं जिल्हा परिषदेच्या हद्दीत, आणि मालेगावला स्वतंत्र महापालिका. देवळालीत राहणारा मुलगा गंगापूर रोडला अभ्यासाला येतो तेव्हा त्याच्या मोबाइलवरचा आदेश खरा असतो, पण आपल्या दाराचा नसतो. "आमच्याकडे तर असं नाहीये" या वाक्याने सुरू होणारे निम्मे वाद हद्दीचे होते. म्हणून फलकाच्या वरच्या कोपऱ्यात आदेश कुणाचा, क्रमांक काय आणि तारीख कोणती एवढी एक ओळ लिहायची. ती ओळ लिहायला लागल्यावर दारातलं बोलणं निम्म्यावर आलं.

आदेश वाचताना आम्ही पाच गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारायचो: कधीपासून लागू, कुठल्या हद्दीत, आपली जागा कुठल्या वर्गात मोडते, जबाबदारी कुणावर, आणि दंड कोण घेणार. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय, कोचिंग क्लास की खासगी कार्यालय? ग्रंथालयांना १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडायची परवानगी मिळाली, तेव्हा क्लासेस अजून बंदच होते. ज्यांनी आपल्या अभ्यासिकेत संध्याकाळी शिकवण्याही ठेवल्या होत्या, त्यांची एकच खोली दिवसा चालू आणि संध्याकाळी बंद अशी झाली. आपली नोंदणी ज्या नावाने आहे तोच वर्ग धरायचा आणि शंका असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी विचारून पोच घ्यायची. शहरात सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड. राजीव गांधी भवनातल्या महापालिका मुख्यालयापर्यंत जाण्यापेक्षा आपल्या विभागाचं कार्यालय गाठलेलं बरं, कारण तपासणीला पथकही बहुतेक वेळा तिथूनच यायचं.

आणि एक सवय लावून घ्यावी लागली. व्हॉट्सअॅपवर आलेला आदेशाचा फोटो कधीच फलकावर उतरवायचा नाही. फोटोत एकच पान असतं, अटी दुसऱ्या पानावर असतात. पीडीएफ पूर्ण मिळेपर्यंत जुना फलक तसाच ठेवायचा.

आकड्यांबद्दल सांगायला हवं, कारण दंडाची रक्कम सतत बदलत होती आणि ठिकाणोठिकाणी वेगळी होती. मार्च २०२१ च्या अखेरच्या राज्य आदेशात विनामास्क ५०० रुपये आणि सार्वजनिक ठिकाणी थुंकल्यास १,००० रुपये होते. त्याच दिवसांत नाशिकच्या मुख्य बाजारपेठेत तासाभराच्या प्रवेशासाठी ५ रुपयांची पावती आणि तासापेक्षा जास्त थांबल्यास ५०० रुपये दंड अशी व्यवस्था झाली होती. म्हणजे मेनरोडला एक हिशेब, आपल्या दारात दुसरा. आम्ही दंडाचा आकडा मूळ फलकावर लिहायचं सोडून दिलं. फलक पक्का आणि आकडा वेगळ्या पट्टीवर, चार पिनांनी लावलेला. आदेश बदलला की फक्त पट्टी बदलायची.

संस्थाचालकांनी सगळ्यात बारकाईने वाचावा असा आदेश २७ नोव्हेंबर २०२१ चा होता. त्यात व्यक्तीला ५०० रुपये दंड होताच, पण ज्या जागेत ती व्यक्ती विनामास्क सापडली त्या आस्थापनेला १०,००० रुपये वेगळे. आणि आस्थापनेने स्वतःच नियम पाळले नाहीत तर प्रत्येक वेळी ५०,००० रुपये. सरळ अर्थ असा, की एका खुर्चीवरचा एक उघडा चेहरा संस्थेला वीसपट महाग पडू शकत होता. याच आदेशात आणखी एक वाक्य होतं, ज्याने दारात रोज प्रश्न उभे केले: रुमाल म्हणजे मास्क नव्हे, रुमाल बांधलेली व्यक्ती दंडास पात्र. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानेच घरी शिवलेलं कापडी आच्छादन चालेल असं सांगितलं होतं. लोकांना ते आठवत होतं आणि त्यांची चूक नव्हती. नियम मधे बदलला होता. अशा वेळी "तुम्हाला माहीत नाही का" असं दारातल्या माणसाने कधीच म्हणू नये. "नोव्हेंबरपासून बदललंय" एवढंच पुरतं.

नाशिकमध्ये रुमालापेक्षा मोठा प्रश्न स्कार्फचा होता. गाडीवर येणाऱ्या मुली ऊन-धुळीसाठी चेहऱ्याला सुती स्कार्फ गुंडाळतात, आणि तो बहुतेक मास्कपेक्षा घट्टही वाटतो. पण त्याची वीण मोकळी असते, बारीक तुषार त्यातून जातात, आणि श्वास आत घेतला की तो नाकाशी चिकटतो. आम्ही स्कार्फला बंदी केली नाही. स्कार्फ काढून आत यायचं आणि डब्यातला मास्क लावायचा, असं ठरवलं. बंदीचा शब्द न वापरल्यामुळे कुणी अडून बसलं नाही.

आता दार. दार म्हणजे इथे उंबऱ्यापासून पहिल्या खुर्चीपर्यंतचे पंधरा फूट. आधी आम्ही टेबल दाराच्या आत ठेवलं होतं. परिणाम असा, की मास्क नसलेला माणूस आत येऊन, टेबलाशी उभा राहून, पाच मिनिटं मास्क का नाही हे समजावून सांगायचा, आणि ते ऐकणारा माणूस बंद हवेत त्याच्यासमोर बसलेला असायचा. टेबल बाहेर ओट्यावर काढलं तेव्हा हे थांबलं. टेबलावर डावीकडून उजवीकडे क्रम असा: मास्कचा डबा, सॅनिटायझर, नोंदवही, पेन. मास्क आधी, कारण सॅनिटायझर आधी ठेवला की लोक ओले हात मास्कला लावतात. अल्कोहोलने मास्कच्या मधल्या थराचा स्थिर विद्युतभार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहून गाळण्याचं काम कमी करतो. याच कारणाने मास्कवर सॅनिटायझर फवारणं हा प्रकार पहिल्याच आठवड्यात बंद करावा लागला. लोक ते काळजीपोटी करत होते, म्हणून कारण सांगितल्यावर लगेच ऐकलं.

ओळखपत्र तपासताना चेहरा बघायला मास्क खाली करायला लावणं ही आम्ही केलेली चूक. दिवसातून तीस वेळा तेच, आणि प्रत्येक वेळी हात मास्कच्या पुढच्या बाजूला. शेवटी सभासद क्रमांक आणि जन्मतारखेचे शेवटचे दोन अंक एवढ्यावर नोंद ठेवली. ज्याचा चेहरा बघणं अगदीच गरजेचं, त्याने ओट्याखाली अंगणात सहा फुटांवर उभं राहून क्षणभर मास्क काढायचा.

मोफत मास्कचा डबा ठेवावा का, यावर बरीच चर्चा झाली. लोक रोज तिथूनच घेतील ही भीती. तसं काही प्रमाणात झालंही, पण हिशेब मांडला की उत्तर स्पष्ट होतं. २० ऑक्टोबर २०२० ला राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली: दोन थरांचा ३ रुपये, तीन थरांचा ४ रुपये, एन-९५ प्रकारचे १९ ते ४९ रुपये. पन्नास मास्कचा डबा म्हणजे २०० रुपये. एका माणसाला परत पाठवण्यात जाणारी दहा मिनिटं, त्याचा बुडालेला दिवस आणि दारातली कटुता यांच्यापुढे चार रुपये काहीच नाहीत. त्यात १०,००० रुपयांच्या दंडाची शक्यता धरली तर बोलायलाच नको. आमचं ठाम मत आहे, की बंद जागेतला मास्कचा नियम दंडाच्या फलकाने जेवढा पाळला जातो त्याच्या कित्येक पट डब्याने पाळला जातो. विसरणारे पुष्कळ असतात, नाकारणारे थोडे.

खरेदी करताना बघायच्या गोष्टी. तीन थरांच्या सर्जिकल मास्कसाठी भारतीय मानक आयएस १६२८९ आहे. त्यात पहिल्या वर्गाला जिवाणू गाळण्याची क्षमता किमान ९५ टक्के आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला ९८ टक्के लागते. तिसरा वर्ग अंगावर उडणाऱ्या द्रवालाही अडवतो, तो शस्त्रक्रियागृहासाठी, अभ्यासिकेला त्याची गरज नाही. डब्यावर मानकाचा उल्लेख नसेल तर घेऊ नये. उल्लेख असूनही माल वेगळा निघतो, म्हणून प्रत्येक नव्या डब्यातला एक मास्क कात्रीने कापून बघायचा. तीन थर सुटे झाले पाहिजेत. बाहेरच्या थरावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा राहिला पाहिजे, जिरला नाही पाहिजे. मधला थर पांढरा, कापसासारखा मऊ आणि ओढला की सहज फाटणारा, त्याला कागदाचे बारीक कपटे चिकटतात. तोच खरं गाळायचं काम करतो. स्वस्त मालात मधला थर नसतो किंवा त्याच्या जागी बाहेरच्यासारखंच साधं कापड असतं. नाकावरची तार वाकवून सोडल्यावर वाकलेलीच राहिली पाहिजे. प्लास्टिकची पट्टी असेल तर ती सरळ होते आणि दुपारपर्यंत मास्क नाकाखाली येतो. मुलगा निष्काळजी दिसतो, पण दोष तारेचा असतो.

एन-९५ आणि एफएफपी २ हे वेगवेगळ्या देशांच्या मानकांचे जवळपासचे प्रकार. पहिल्यात ०.३ मायक्रॉनच्या कणांसाठी किमान ९५ टक्के, दुसऱ्यात किमान ९४ टक्के गाळणी अपेक्षित असते. आपल्याकडे एफएफपी प्रकाराला आयएस ९४७३ लागू होतं आणि त्या क्रमांकासह आयएसआय चिन्ह छापलेलं असतं. झडप असलेला मास्क मात्र दारातच थांबवायचा. झडप बाहेर सोडलेला श्वास न गाळता सोडते, त्यामुळे लावणारा सुरक्षित आणि शेजारचा उघड्यावर. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही जुलै २०२० मध्ये झडपेच्या मास्कविरुद्ध पत्र काढलं होतं. तरी २०२१ मध्येही दर आठवड्याला कुणी ना कुणी महागाचा झडपवाला मास्क लावून यायचं आणि आपण सगळ्यात चांगला घेतलाय असं त्याला मनापासून वाटत असायचं. त्याला मास्क काढायला न सांगता त्यावरून डब्यातला साधा मास्क लावायला सांगायचो. झडप झाकली जाते आणि वाद राहत नाही.

मास्क बसतो कसा, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. सर्जिकल मास्कची खरी गळती गालांच्या दोन्ही बाजूंनी होते. उपाय फुकट आहे: मास्क उभा अर्धा दुमडायचा, कानाच्या दोन्ही दोऱ्यांना मास्कच्या कडेला अगदी टेकून एकेक गाठ मारायची, मग उघडून बाजूची जी चिमटी राहते ती आत दुमडायची. बाजूची फट जवळपास बंद होते. चेहरा मोठा असेल तर गाठीने मास्क आखूड पडतो आणि हनुवटीवरून वर सरकतो, तिथे गाठ न मारता डोक्यामागून दोऱ्या जोडणारी पट्टी वापरायची. दाढीवर कुठलाच मास्क नीट बसत नाही. सर्जिकलवर कापडी घट्ट मास्क हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. दोन सर्जिकल एकावर एक लावून फारसा उपयोग नाही, गळती दोन्हींची तशीच राहते. झडप नसलेल्या एन-९५ वर दुसरं काही लावू नये, त्याची बसण उलट बिघडते.

चष्म्यावर धुकं येतं म्हणून मास्क नाकाखाली घेणारे खूप. धुकं येणं म्हणजेच नाकाशी फट आहे, हे एकदा सांगितलं की माणूस स्वतः तार दाबायला लागतो. तार एका हाताने मधे चिमटली तर टोक होऊन दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं मधून बाहेरच्या दिशेला सरकवत दाबायची. तरी धुकं आलं तर नाकाच्या उंचवट्यावर कागदी चिकटपट्टीचा दोन इंचांचा तुकडा. ही पट्टी औषधाच्या दुकानात मिळते आणि टेबलाच्या खणात एक रीळ महिने चालतं.

हेल्मेटचंही इथेच सांगून टाकतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात पेट्रोलपंपांवर हेल्मेट असेल तरच पेट्रोल असा नियम आला आणि हेल्मेट घालणारे वाढले, ते चांगलंच झालं. पण हेल्मेट काढताना त्याच्या पट्ट्यासोबत मास्कची दोरी खेचली जाते, तुटते, किंवा मास्क हेल्मेटच्या आत राहतो. घामाने ओला झालेला तोच मास्क मग आत लावून येतात. गाडीवरचा मास्क वेगळा आणि आतला वेगळा, अशी सवय लावायला सांगितली. आतला कागदी पाकिटात दप्तरात ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल सुटत नाही.

दिवसभर बसणाऱ्याला किती मास्क लागतात? ओला झाला की बदलायचा, हा नियम घड्याळापेक्षा खरा. जानेवारीत एक सहज दिवसभर पुरतो, एप्रिल-मेमध्ये दोन लागतात, आणि पावसाळ्यात भिजत आलेल्याला पहिला मास्क दारातच बदलावा लागतो. ओल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं, मग माणूस तो खाली ओढतो. त्याला रागावण्यापेक्षा कोरडा मास्क हातात द्यावा.

एवढं सगळं करून नियम कुठे फुटत होता? डबा खायच्या खोलीत. तीस जण हॉलमध्ये पाच तास मास्क लावून शिस्तीत बसायचे आणि दीड वाजता दहा बाय बाराच्या खोलीत मांडीला मांडी लावून, मास्क काढून, गप्पा मारत अर्धा तास जेवायचे. हॉलमधली सगळी काळजी त्या अर्ध्या तासात फुकट. ही गोष्ट कुठल्याही आदेशात स्पष्ट लिहिलेली नव्हती, ती जागेवर उभं राहिल्यावरच दिसते. आम्ही ती खोली बंद केली. जेवण मागच्या पडवीत आणि गच्चीवर, बारा ते तीन या वेळात वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी, एका पाळीत सहा जण. पडवीला पावसाळ्यापुरती ताडपत्री लावली, पण दोनच बाजूंनी. चारही बाजू झाकल्या तर ती पुन्हा खोलीच. पाण्याचा पिंपही हॉलमधून उचलून पडवीत नेला. चहासाठी आधीपासून बाहेरच जायचं होतं. फोनवर बोलताना लोक मास्क हमखास खाली घेतात, म्हणून फोनही बाहेर. ज्यांच्याकडे जेवणाची दुसरी जागाच नाही, त्यांनी निदान बसण्याची दिशा एका रांगेत ठेवावी आणि बोलणं जेवण झाल्यावर मास्क लावून करावं.

मास्कचा नियम हवेच्या नियमाशिवाय अर्धाच. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अशा जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असा आकडा दिला. आमचा हॉल ३० बाय २० फूट, उंची १० फूट, म्हणजे ६,००० घनफूट, साधारण १७० घनमीटर. तीस माणसांना सेकंदाला ३०० लिटर म्हणजे तासाला १,०८० घनमीटर. याचा अर्थ खोलीतली सगळी हवा तासात सहा वेळा बदलली पाहिजे. एक्झॉस्ट पंखा घेताना डब्यावर तासाला किती घनमीटर हवा ओढतो ते छापलेलं असतं, त्या आकड्याशी हे ताडून बघायचं आणि जाळी-झडपेमुळे प्रत्यक्षात कमी ओढला जाईल हे धरून एक पायरी मोठा घ्यायचा. छताचा पंखा हवा बदलत नाही, तीच फिरवतो. एक्झॉस्टच्या शेजारची खिडकी बंद ठेवायची आणि समोरच्या भिंतीतली उघडायची. शेजारचीच उघडी असेल तर पंखा तिथूनच हवा घेऊन तिथेच बाहेर टाकतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला हवा हलतच नाही. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघितलं की दोन मिनिटांत कळतं.

नाशिकच्या थंडीत ही गोष्ट अवघड होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खिडकी कुणीच उघडी ठेवू देत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र हॉलमध्ये ठेवलं तर वाद आकड्यावर येतो. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतले ४२० भाग) आसपास असतो, आत ८०० च्या खाली राहिला तर हवा चांगली खेळतेय असं धरायचं. थंडीत सगळ्या खिडक्या पूर्ण उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवणं लोक सहन करतात, आणि दर तासाला पाच मिनिटं सगळं सताड उघडायचं. यंत्र खिडकीत किंवा कुणाच्या तोंडासमोर ठेवू नये, दोन्हीकडे आकडा खोटा येतो.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी मास्कला आणखी एक अर्थ होता. राज्यसेवा पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ वरून २१ मार्चला गेली, आणि ती मास्क लावूनच द्यायची होती. दोन पेपर, प्रत्येकी दोन तास. मास्क लावून दोन तास बसण्याची सवय नसलेल्याला तिसाव्या मिनिटाला कानामागे दुखायला लागतं आणि लक्ष उडतं. सराव परीक्षा त्याच प्रकारचा मास्क लावून, त्याच वेळेत घ्यायच्या. कान दुखत असतील तर दोऱ्या मागे अडकवायची पट्टी आधी वापरून बघायची. परीक्षेच्या दिवशी नवा प्रकार लावू नये.

अपवादांबद्दल नियम लिहिताना घाई करू नये. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली वापरावा, अशी केंद्राची जून २०२१ ची सूचना होती. अभ्यासिकेत लहान मुलं येत नाहीत, पण मंगल कार्यालयात आणि क्लासमध्ये येतात. ऐकू कमी येणारा सभासद ओठ वाचतो. त्याच्याशी दारात बोलायला पाटी आणि खडू ठेवला, पुढे मोबाइलवर लिहून दाखवायला लागलो. दम्याच्या माणसाला खिडकीलगतची खुर्ची राखून द्यायची. कुणालाही सगळ्यांसमोर आजाराचं नाव विचारायचं नाही.

तपासणीला पथक आलं तर त्यांना तीन गोष्टी हव्या असायच्या: दारावरचा फलक, नोंदवही आणि आत डोकावल्यावर दिसणारे चेहरे. पहिल्या दोन आपल्या हातात. तिसरीसाठी पथक आल्यावर धावपळ करून "मास्क वर घ्या" असं ओरडणं सगळ्यात वाईट, तेवढ्याने सगळं कळतं. दंड झाला तर पावतीवर रक्कम, तारीख, ठिकाण आणि कारण लिहून घ्यायचं. आणि हे पक्कं लक्षात ठेवायचं, की संस्थेला स्वतः दंड वसूल करायचा अधिकार तेव्हाही नव्हता. तो पालिकेने किंवा पोलिसांनी नेमलेल्या माणसाचा. काही ठिकाणी दारातच पन्नास-शंभर रुपये घेऊन डब्यात टाकले जायचे. हेतू चांगला असला तरी ते चूकच. आपण मास्क देऊ शकतो, आत न येण्याची विनंती करू शकतो आणि नियमावलीप्रमाणे सभासदत्व थांबवू शकतो. पैसे घेऊ शकत नाही.

वापरलेल्या मास्कचा कचरा हे दुर्लक्षित काम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनेप्रमाणे घरगुती आणि अशा जागांतले मास्क कापून, कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवून मग सुक्या कचऱ्यात द्यायचे. कापायचे यासाठी, की कुणी धुऊन परत वापरू नये. आम्ही झाकणाचे तीन डबे केले आणि त्यांवर १, २, ३ असं लिहिलं. एका वेळी एकच डबा वापरात, बाकी दोन बंद आणि झाकणावर बंद केल्याची तारीख. दिवस मोजून मगच डबा घंटागाडीकडे. गाडीवरच्या माणसाला "यात मास्क आहेत, तीन दिवस ठेवलेले आहेत" असं तोंडी सांगायचं. तो हे रोज उघड्या हातांनी उचलतो, त्याला एवढं कळणं हा त्याचा हक्क आहे. डब्याशेजारी लांब दांड्याचा चिमटा आणि कात्री दोरीने बांधून ठेवायची, नाहीतर कात्री आठवडाभरात नाहीशी होते.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातले सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. त्या दिवशी फलक काढला, पण टेबल ओट्यावरून आत नेलं नाही. आता दारावर जे आहे तो नियम आमचा, सभासदांच्या सभेत ठरलेला, आणि त्यात दंडाचा शब्द नाही. सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर घरी थांबावं. यावंच लागलं तर मास्क लावून खिडकीलगतच्या पहिल्या चार खुर्च्यांवर बसावं. मास्क टेबलावर आहेत, घ्या, विचारायची गरज नाही. फ्लूचे दिवस असले आणि हॉलमध्ये एका वेळी तीन-चार जण खोकताना दिसले, की आठ दिवसांपुरती "सर्वांनी मास्क" अशी पट्टी लागते, तिच्यावर सुरू आणि संपण्याची तारीख लिहिलेली. तारीख नसलेली पट्टी लोक तिसऱ्या दिवसापासून वाचत नाहीत, आणि मुदत संपूनही लटकणारी पट्टी पुढच्या वेळच्या पट्टीचा मान घालवते. म्हणून पट्टी लावणाऱ्याचं नाव नोंदवहीत लिहितो आणि ती काढायचं कामही त्याचंच असतं. पुढे सरकारी सक्ती पुन्हा आली, तर आदेश मोडल्याबद्दलचं जुनं भारतीय दंड संहितेचं कलम १८८ आता भारतीय न्याय संहितेत २२३ झालेलं आहे, तेवढा बदल जुन्या फलकावरून उतरवून घेताना करावा लागेल. मास्कचा चालू डबा अर्ध्यावर आला की नवा मागवायचा, आणि आल्यावर त्यातला एक कापून बघायचा.